घरच्या माणसाचा जबाब

शिवांजलीचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला गेला त्याला सहा महिने होत आले होते. या सहा महिन्यांत बलभीम गपाटाच्या भट्टीवर रोज दूध आटलं, खवा झाला, टेम्पोत बसून बार्शीला गेला, सोलापूरला गेला, पण बाप-लेकीचं बोलणं काही झालं नाही. म्हणजे अगदीच बंद होतं असं नाही. ‘अण्णा, चहा झालाय’, ‘अण्णा, टेम्पोवाला आलाय’ एवढं ती बोले, तोही ‘हां’ म्हणे. पूर्वी मात्र या दोघांची टकळी सुरू झाली की भट्टी पेटल्यापासून ताटं उचलेपर्यंत थांबत नसे आणि कमलबाईला दोघांना दटावावं लागे. ती टकळी खरी कशापायी थांबली हे घरात आपल्या एकटीला ठाऊक आहे, असं कमलबाईला वाटत होतं. 

भूम तालुक्यातला हा भाग म्हणजे डोंगरउताराची मुरमाड जमीन. पीक बेभरवशाचं, म्हणून घरोघरी म्हशी आणि गल्लोगल्ली खव्याच्या भट्ट्या. लग्न होऊन आली तेव्हा कमलबाई अठराची होती. माहेर पार तिकडं उमरग्याच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेला लागून. बोलण्यात कानडी हेल, आणि खवा म्हणजे काय तर बाजारातून कागदात बांधून येतो तो, इतकीच माहिती. सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला कढईपुढं बसवलं, हातात उलथणं दिलं आणि सांगितलं, दूध तळाला लागलं तर तुझ्या हातावर हेच उलथणं ठेवीन. म्हातारीनं तसं कधी केलं नाही, पण कमलबाईच्या हातावर डाग पडायचे ते पडलेच. उकळतं दूध उडतं, जाळ बाहेर येतो, कढईची कड लागते. कोपरापासून मनगटापर्यंत तिचे हात ठिपक्याठिपक्यांचे झाले होते आणि बोटांची टोकं शिंपल्यासारखी गुळगुळीत. पंचवीस वर्षांत तिनं किती दूध आटवलं त्याचा हिशोब नाही, पण त्यातलं सगळ्यात गोड काय आठवतं म्हणून विचारलं, तर ती शिवांजलीचंच काही तरी सांगेल.

पोर या भट्टीच्या कडेलाच वाढली. पाळणा आढ्याच्या लाकडाला बांधलेला, धुरापासून आठ-दहा हात लांब. रांगायला लागली तेव्हा कमरेला लुगड्याचा पट्टा बांधून तो खांबाला अडकवायचा, कारण एक डोळा कढईवर आणि एक डोळा पोरीवर ठेवणं कुणाला जमतं? बोलायला लागली तशी ती कढईच्या तळाची खरवड मागायला लागली. खवा काढून झाला की बलभीम तळाची तांबूस खरवड उलथण्यानं खरवडून तिच्या तळहातावर ठेवायचा, ती फुंकर मारत, नाचत खायची. ते सगळं बघताना कमलबाईला वाटायचं, दिवस असेच जावेत. तसे ते जात नाहीत हे तिला तेव्हाही कळत होतं, पण वाटायचं खरं.

पोरीला प्रश्न फार. श्रावणातल्या खव्याला तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके येतात आणि दिवाळीतला आठ दिवस टिकतो, ते का? बलभीम म्हणायचा, हवा. कसली हवा? ओली हवा. मग ओली हवा खव्याच्या आत कशी जाते? शेवटी बलभीम हात टेकायचा आणि म्हणायचा, तू मोठी झालीस की मला सांग. ती नववीत असताना गौरीच्या तोंडावर सगळा माल सोलापूरहून परत आला. वास लागला होता. व्यापाऱ्यानं डबे उघडून फाट्यावर चारचौघांत ओतून दाखवले आणि बलभीम खाली मान घालून ऐकत राहिला. तो खवा त्यानं बांधाच्या कडेला खड्डा करून पुरला, तर कुत्र्यांनी तो उकरून काढला. शिवांजली त्या खड्ड्याशी काठी घेऊन दिवसभर बसली होती. रडली नाही, पण जेवलीही नाही.

पुढं ती उदगीरला दुधाचंच शिकायला गेली. तिथल्या एका सरांनी तिला न्यूझीलंडच्या विद्यापीठाचं सुचवलं. तिनं अर्ज केला, प्रवेश मिळाला, निम्म्याहून जास्त फी माफ झाली. दोन वर्षांचं शिक्षण, दूध टिकवण्याच्या विद्येचं. आता राहिला फक्त व्हिसा, असं म्हणून घरात सगळे हसले होते. त्या ‘फक्त’ला दोन वर्षं होऊन गेली.

पहिला नकार कागदांपायी आला. पस्तीस वर्षं खवा विकणाऱ्या माणसाकडं विकल्याची एक पावती नव्हती. या धंद्यात कुणी पावती देत नाही आणि मागितली तर समोरचा राग धरतो. ते बँकेच्या उताऱ्यांनी आणि बार्शीच्या एका सी.ए.नं निस्तरलं. दुसरा नकार आला तो मात्र एका फोनपायी.

त्या दिवशी भाद्रपदातली घाई होती, उद्या गौरी जेवायच्या होत्या. दोन्ही कढया चढलेल्या, बलभीम डबे घेऊन फाट्यावर गेलेला आणि गडबडीत त्याचा मोबाइल फळीवर राहिलेला. शिवांजली कसल्याशा दाखल्यासाठी धाराशिवला गेली होती. मोबाइल वाजला तेव्हा एका कढईतलं दूध गोळा व्हायला लागलं होतं. ही वेळ मोठी अवघड. इथं उलथणं थांबलं की खवा लागलाच. कमलबाईनं डाव्या हातानं मोबाइल कानाशी धरला आणि उजव्या हातानं ढवळत राहिली. पलीकडं एक बाई. आधी हिंदीत बोलली, मग हिला अडतंय बघून मराठीत. मुलीचं नाव विचारलं, तुमचा व्यवसाय काय म्हणून विचारलं. कमलबाईनं सांगितलं, कसला व्यवसाय बाई, आमची आपली चूल हाय, घागरभर दूध आटवतो झालं. परक्यापुढं आपला मोठेपणा सांगायचा नाही, ही तिला लहानपणापासूनची शिकवण. मग त्या बाईनं विचारलं, मुलगी शिक्षण झाल्यावर परत येणार का?

“पोरगी कुठं माघारी येती का बाई? गेली की गेली,” कमलबाई म्हणाली.

बाईनं पुन्हा एकदा तेच विचारलं, जरा सावकाश. कमलबाईचं ध्यान कढईत. ती म्हणाली, व्हय, आता कशाला येतीया ती. फोन बंद झाला. खवा वाचला, पांढराशुभ्र उतरला. फोन बँकेचा असेल की सिमकार्डवाल्यांचा, याचा तिनं विचारही केला नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. शिवांजलीनं ते ओट्यावर बसून लॅपटॉपवर वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, मराठी करून. घरच्या क्रमांकावर बोललेल्या व्यक्तीनं सांगितलं, की अर्जदार शिक्षणानंतर परत येणार नाही. म्हणून अर्ज नामंजूर. क्रमांक बलभीमचा होता. तिनं बापाकडं बघितलं.

“अण्णा, तुम्ही असं म्हणालात?”

बलभीम हौदावर हात धूत होता. त्यानं एकदा कढईकडं बघितलं, तिथं कमलबाई बसली होती. मग पंच्याला हात पुसत तो म्हणाला, “आसंल. आला हुता एक फोन. काय बोललो ध्येनात न्हाय.”

कमलबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. आता बोलू, मग बोलू, असं करता करता दिवस मावळला. पुढं तिनं मनाची समजूत घातली, की बलभीमलाही वेगळा फोन आला असेल. त्या दोन-तीन दिवसांत तिला आत काय वाटत होतं, ते ती स्वतःशीसुद्धा बोलली नाही.

शिवांजलीनं आदळआपट केली नाही. तीच गोष्ट जास्त वाईट झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठून भट्टीवर आली, दुसऱ्या कढईपुढं बसली आणि रोज बसत गेली. एवढी शिकलेली पोर जाळापुढं खवा आटवते म्हणून शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या, हळहळल्या, चहा पिऊन गेल्या. तिच्याही हातावर डाग पडायला लागले. थंडी आली, गेली. आणि कमलबाईचं काय सांगावं? लाज वाटायची तिला, पण ते दिवस तिला गोड लागले. सकाळी धुक्यात दोघी समोरासमोर बसायच्या, दुधाची वाफ मध्ये. दुपारी पोरीच्या डोक्याला तेल लावताना तिचे तेच जुने दोन भोवरे बोटांना लागायचे. उदगीरला गेल्यापासून पाच वर्षं हे डोकं तिच्या मांडीवर आलं नव्हतं. ती तेल जरा जास्तच वेळ चोळायची.

माघात विद्यापीठाचा निरोप आला. जुलैपर्यंत जागा ठेवतो, पुढं नाही. शिवांजलीनं बार्शीच्या एजंटला फोन केला. त्यानं सल्ला दिला, की या खेपेला दुसऱ्या देशाचा अर्ज टाकू आणि आधीचे नकार सांगायचे नाहीत. तिनं त्याला तिथंच रामराम केला. अर्ज ती स्वतः लिहायला बसली. आधी दोनदा नाकारलंय हे पहिल्याच पानावर लिहायचं, आणि प्रत्येक नकाराचं उत्तर पुराव्यानिशी द्यायचं. पहिल्याचं उत्तर तयार होतं. दुसऱ्यासाठी, ज्यानं फोनवर सांगितलं त्याचंच प्रतिज्ञापत्र लागणार होतं.

जेवताना तिनं ताटाकडं बघत सांगितलं, सोमवारी भूमला वकिलाकडं जायचं आहे. अण्णांनी काय सांगितलं आणि का सांगितलं, ते शपथेवर लिहून द्यायचं. बलभीम म्हणाला, देऊ की. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं कालवणात बुडवला आणि खाल्ला, जसं काही पीठ दळून आणायला सांगितलं होतं. कमलबाईच्या हातातला घास हातातच राहिला. नकळत का होईना, खोट्याची शपथ घेणार हा माणूस. चार वेळा तुळजापूरला पायी जाऊन आलेला, वजनात कधी काटा न मारणारा.

सोमवारी ती म्हणाली, मी पण येते. भट्टीचं काय, म्हणून बलभीमनं विचारलं. ती म्हणाली, आजचं दूध सिदूच्या भट्टीवर जाऊ दे. सिदू म्हणजे शेजारचा, त्याची भट्टी यांच्याहून लहान. सासूच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच भट्टी गार ठेवली होती. बलभीमनं तिच्याकडं नीट बघितलं आणि सिदूला हाक मारली.

वसंतराव वकील तहसिलासमोर पत्र्याच्या शेडखाली बसत. सत्तरीचे, पांढऱ्या शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. टायपिंगला एक मुलगी होती, पण त्यांची रीत अशी, की आधी सगळं स्वतःच्या हातानं कागदावर लिहून घ्यायचे. त्यांनी नकाराचं पत्र वाचलं, चष्मा वर केला आणि बलभीमला समोरच्या बाकावर बसवलं. शिवांजली खांबाला टेकून उभी. कमलबाई बाकाच्या टोकाला, पदर घट्ट धरून.

वकिलांनी विचारलं, फोन किती वाजता आला. बलभीम म्हणाला, सकाळी. तुम्ही कुठं होतात? घरीच. बोलणारा पुरुष होता की बाई? बलभीमनं घसा साफ केला. पुरुष असंल, म्हणाला. वकिलांनी लिहायचं थांबवलं. काय काय विचारलं त्यानं, म्हणाले. बलभीमच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाला खोटं बोलताना बघणं फार कठीण असतं. तो म्हणाला, तुमच्या मनानं लिवा की काय लिवायचं त्ये.

“गपाट, शपथ माझी नाही, तुमची आहे,” वसंतराव शांतपणे म्हणाले. “आठवत नसेल तर मी काय लिहू?”

“फोन म्या उचलला हुता,” कमलबाई म्हणाली.

टाइप करणाऱ्या पोरीचे हात थांबले. शिवांजली खांबापासून सुटी झाली. बलभीम मात्र हलला नाही, त्याला नवल वाटलं नाही. तेव्हा कमलबाईला कळलं, की हा पहिल्या दिवसापासून सगळं जाणून आहे. फोन त्याला आलाच नव्हता हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तरीही सहा महिने पोरीचा अबोला त्यानं आपल्या अंगावर घेतला. तिला भर दुपारी त्या शेडखाली रडू कोसळेल असं वाटलं, पण रडायला वेळ नव्हता. वकिलांनी कोरा कागद घेतला होता.

तिनं सगळं सांगितलं. गौरीचा आदला दिवस, दोन कढया, बाई हिंदीत बोलली मग मराठीत बोलली, मी चूल म्हणाले, घागरभर दूध म्हणाले, गेली की गेली म्हणाले. शब्दाला शब्द आठवत होता. सहा महिने ती दुसरं काही आठवतच नव्हती. वकिलांनी विचारलं, असं का म्हणालात?

ती म्हणाली, आमच्यात पोरींचं असंच बोलत्यात. माझं लगीन ठरलं तवा माझी आई बी चारचौघींत हेच म्हणली हुती, आणि म्या दाराआडून ऐकलं हुतं. वसंतरावांनी मान हलवत लिहिलं, की सदर विधान रूढ बोलण्याच्या पद्धतीनुसार, कामाच्या घाईत, प्रश्नाचा रोख न समजल्यामुळे केले गेले. त्यांनी ते वाचून दाखवलं. छान जमलं होतं. कमलबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढंच न्हाय.

“आणखी काय, ताई?”

“नकार आला तवा मला बरं वाटलं.” कमलबाई म्हणाली. “दोन दिवस लई बरं वाटलं. पोर घरात ऱ्हाईली म्हणून. मग तिचं तोंड बघून वाईट वाटाय लागलं, पर आदी बरं वाटलं हुतं. म्हणून तर म्या सांगितलं न्हाय कुणाला. ते बी लिवा.”

वसंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  ते लिहायची गरज नाही, ते म्हणाले. शपथ हाय न्हवं, असं कमलबाईनं विचारलं. आहे, पण विचारलंय तेवढ्याचीच, असं ते म्हणाले आणि कागद टायपिंगला दिला. शिवांजलीकडं बघायची कमलबाईची छाती झाली नाही.

सही तिनं सावकाश केली, एकेक अक्षर ओढत. वकिलांच्या रिवाजाप्रमाणं शेजारी अंगठाही लागायचा होता. तो काही उमटेना. शाई लागे, पण रेषाच नाहीत, नुसता काळा गोळा. तीनदा दाबला. रांगेत मागं उभा असलेला एक जण हसून म्हणाला, मावशींचा अंगठा झिजला की. कमलबाईनं हात पदराखाली घेतला. वकिलांनी समासात ‘कामामुळे ठसा अस्पष्ट’ असं लिहून शिक्का मारला.

स्टँडवर येताना शिवांजली चार पावलं पुढं चालत होती. एसटीला अर्धा तास होता. बलभीम केळी घेऊन आला, कुणी खाल्ली नाहीत. तिघं एकाच बाकावर, बाप मध्ये. मग पोरीनं विचारलं.

“अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलं?”

बलभीमनं केळ्यांची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. “रोज कढईपुढं तिच्यासंगं बसायचं हुतं तुला. तिच्याशी अबोला धरला आसतास तर दोघी बी झुरला आसता. माझं काय, म्या टेम्पोवाल्याशी बोलतो.”

शिवांजली हसली, आणि हसता हसता तिनं तोंड ओढणीत घातलं. खांदे हलत होते. बलभीमनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तसाच ठेवून दुसरीकडं बघत राहिला. कमलबाईला वाटलं, आपण उठून कुठं तरी जावं, पण स्टँडवर जाणार कुठं? मग शिवांजली उठली, बापाला ओलांडून या बाजूला आली आणि आईचा हात पदरातून बाहेर ओढला.

“शाई तशीच आहे. चल, नळावर धू,” ती म्हणाली.

नळाला पाणी बारीक होतं. पोरीनं आईचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरून चोळला. शाई काही निघाली नाही. पण कमलबाईला लहानपणीची शिवांजली आठवली, बोटांवर शाईचे डाग घेऊन आलेली, आणि असंच नळावर तिचं बोट धरून चोळणारी आपण. तेव्हा पोर हात सोडवून पळायची. आता पळायची तिला घाई नव्हती.

अर्ज गेला. घरात टकळी पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी बाप-लेक दुधाच्या फॅटवरून इतके भांडले, की कमलबाईनं दोघांना दटावलं आणि दटावताना तिला धुरानं यावं तसं डोळ्यांत पाणी आलं. पाणी घालून रात्रीचं दूध आणणारा गवळी, पंक्चर झालेला टेम्पो, सिदूच्या भट्टीला आलेलं नवं यंत्र, सगळ्यावर दोघांचं बोलणं चाले. कमलबाई ऐकत बसे. असे दिवस पुन्हा मिळणार नाहीत म्हणून ती कान भरून ऐकत होती. फाल्गुन सरला, ऊन चढलं. चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेसाठी खव्याची मागणी वाढली आणि दोन्ही कढया पुन्हा दिवसभर चढल्या.

फोन आला तो यात्रेच्या आदल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला. बलभीमनं उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि मोबाइल पदरानं हात पुसणाऱ्या कमलबाईपुढं धरला. तुलाच मागत्यात, म्हणाला. शिवांजली तिच्या हातातलं उलथणं घेऊन कढईपुढं बसली. या खेपेला बोलणारा पुरुष होता, शुद्ध मराठीत. प्रतिज्ञापत्र तुमचंच का? व्हय. सही तुमची? माझीच. घरचा व्यवसाय काय? कमलबाई ताठ उभी राहिली.

“खव्याची भट्टी हाय. रोज दोनशे लिटर दूध आटवतो आमी. पस्तीस वरसं झाली. सोलापूरला आमच्या नावानं माल जातो,” ती म्हणाली.

त्यानं पोरीचं शिक्षण विचारलं, तिनं ते सांगितलं. तिकडं काय शिकणार ते विचारलं, तेही सांगितलं, जमेल तसं. मग त्यानं विचारलं, मुलगी शिकून परत येईल?

कमलबाईनं कढईकडं बघितलं. शिवांजली पाठमोरी होती. तिचं उलथणं फिरत होतं, एका लयीत. ती ऐकतेय हे कमलबाईला तिच्या मानेवरून कळत होतं.

“येईल,” कमलबाई म्हणाली. “खवा का नासतो त्ये तिला शोधायचंय. हीच भट्टी नीट करायचीय तिला. शिकून झालं की येईल.”

पलीकडच्यानं आभार मानले. फोन बंद झाला. बाहेर टेम्पो वाजला म्हणून बलभीम डबे घेऊन गेला. भट्टीवर दोघीच उरल्या. कमलबाई पोरीच्या शेजारी खाली बसली, उलथणं मागितलं नाही. जाळाची धग दोघींच्या तोंडावर येत होती.

“काय विचारलं?” शिवांजलीनं विचारलं.

“तू माघारी येणार का म्हणून.”

“मग?”

“येईल म्हणलं.”

इथं पोर काही तरी म्हणेल म्हणून कमलबाई वाट बघत राहिली. ‘येणारच आहे की’ म्हणेल, ‘दोन वर्षं काय, अशी जातील’ म्हणेल, निदान हसेल. शिवांजलीनं वर बघितलं नाही. दूध गोळा व्हायला लागलं होतं, ती ढवळत राहिली. तिच्या हनुवटीवरून घाम ओघळला आणि तो तिनं खांद्यानं पुसला.

“बरं सांगितलंस, आई,” ती हळू म्हणाली.

कमलबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोर खोटं बोलली नव्हती, आणि खरंही तिला बोलवत नव्हतं. भाद्रपदात घाईघाईत आपण जे बोललो तेच बरोबर होतं, हे कमलबाईला त्या क्षणी कळलं. शपथेवर लिहून दिलं त्याच्यापेक्षा खरं. तिनं कुणाला ते सांगितलं नाही. या खेपेला लपवायची लाजही वाटली नाही.

फोननंतर बाविसाव्या दिवशी व्हिसा आला. बलभीमनं गावभर पेढे वाटले, ज्येष्ठाच्या शेवटी पोर मुंबईला गेली आणि तिथून विमानानं गेली. बायका कमलबाईला विचारतात, लेक कधी येणार, तेव्हा ती मान वर करून सांगते, दोन वर्षांनी, शिकून झालं की लगेच. सगळ्यांना ते पटतं, बलभीमलासुद्धा पटतं. पण पोर कोणत्या दिवशी गेली असं कमलबाईला विचारलं, तर ती मुंबईचा दिवस सांगणार नाही. ती यात्रेआधीच्या त्या फोनचा दिवस सांगेल.